फळीसाठी कौल

साईशच्या टेबलावर माऊस नीट सरकत नव्हता, आणि सगुणला त्या दिवसांत जगात दुसरं काही दिसतच नव्हतं. पेडणे तालुक्यातल्या कोरगावात काजूचा हंगाम तोंडावर आला होता, बागेत गवत गुडघ्याएवढं माजलं होतं. ते कापायचं सोडून हा बाबा मुलाच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या टेबलावर हात फिरवत उभा असायचा.

साईश त्याचा एकुलता मुलगा. तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो साच्यांची ड्रॉइंग करायचा. आधी त्याच्या शर्टाची बटणं लागेनाशी झाली, मग हातातला चहाचा कप पडला, मग पायही लटपटू लागले. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं. सगुणने त्यातला ‘अशक्तपणा’ तेवढा उचलला आणि घरी आणला. पुढचं सगळं डॉक्टर साईशच्या बायकोशी, सिद्धीशी बोलले. त्या वेळी बापलेक दोघेही बाहेरच्या बाकावर बसून होते. आत या म्हणून नर्स बोलवायला आली, तेव्हा सगुणला नेमकं पाणी प्यायला जायचं होतं.

कारखान्याचे साहेब चांगले निघाले. ड्रॉइंग येत राहतील तोवर घरून काम कर, म्हणाले. आता साईशजवळ उरलं होतं ते एवढंच काम, आणि त्या कामासाठी उजव्या हातात उरलेली थोडीशी ताकद. रेषेच्या नेमक्या टोकावर बाण नेऊन टिचकी मारायची. बाण केसभर सरकला तरी साचा चुकायचा.

टेबलाला काच होती. काचेवर माऊस आंधळा होतो, हे सिद्धीने मोबाईलवर वाचून सांगितलं. सगुणने त्याच दुपारी काच काढून पडवीत उभी केली. खालचा सनमायका चकचकीत, त्यावर बाण उड्या मारायचा. मग सिद्धीने कापडी पॅड मागवलं. त्यावर काही दिवस बरे गेले. पुढे साईश म्हणू लागला, माऊस ओढावा लागतोय. कापड दमट हवेत फुगतं, असं सगुणने स्वतःच ठरवून टाकलं आणि पॅड रोज उन्हात घालू लागला. शेजारच्या सत्यवतीने विचारलंसुद्धा, “सगुणदादा, ह्या कसला वाळवण?” त्याने पॅड उलटलं आणि तो आत गेला.

मग म्हापशाहून कडक प्लॅस्टिकचं पॅड आलं. ते इतकं गुळगुळीत की साईशची बोटं थरथरली की बाण पडद्याच्या पार टोकाला. सगुण स्वतः खुर्चीत बसून माऊस फिरवून बघायचा. काजूच्या चिकाने भाजून भाजून त्याचा तळवा जोड्याच्या चामड्यासारखा झालेला. त्या हाताखाली माऊस कशावरही पळायचा. खरं तर तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. पण ज्याला कळून घ्यायचंच नाही, त्याच्यापुढे कोण काय करणार?

शेवटी गावातला सुतार, मेस्त, म्हणाला, शिवणीचं लाकूड मऊ, त्याची फळी घासून देतो, वर पॉलिश नको, नुसतं मेण. आता फळी की कापड? सगुणचा जीव दोन्हीकडे ओढू लागला. तेव्हा पेडण्यातला माणूस जे करतो तेच त्याने केलं. सोमवारी आंघोळ करून तो देवळात कौल लावायला गेला.

लग्न असो, घराचा पाया असो, गाय विकायची असो, या गावात देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. पण गुरवाने आजवर असा प्रश्न कधी ऐकला नव्हता. तो पाकळ्या पाण्यात भिजवता भिजवता थांबला.

“माऊसाखाली काय घालूचा, ता देवाक इचारू?”

“होय. फळी बरी असात तर उजवी पाकळी दी म्हणान सांग.”

गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. सगुण हात जोडून, श्वास रोखून बघत राहिला. उजवी पाकळी सुटली, घरंगळली, खाली पडली. सगुणच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरव ओल्या हातांनी तसाच उभा होता. “सगुण, पाकळे अजून असत,” तो हळूच म्हणाला. “झिलाचा इचारूया मा? हात बरो जातलो काय?”

“नको,” सगुण म्हणाला, इतक्या मोठ्याने की गाभाऱ्यात आवाज घुमला. “मी फळीचा इचारूक इल्लंय.”

मुलाचं विचारलं आणि डावी पाकळी पडली असती तर? घरी कुठल्या तोंडाने गेला असता? त्याने तीर्थ घेतलं आणि तडक मेस्ताकडे गेला.

फळी सुरेख झाली होती. सगुणने ती मांडीवर घेऊन रिक्षातून आणली, पंच्याने पुसली, टेबलावर ठेवली. सिद्धीने साईशचं मनगट उचलून त्यावर ठेवलं, बोटं माऊसवर नीट बसवली. लाकूड ना घट्ट ना निसरडं, जसं हवं तसंच होतं. साईशच्या कपाळावर शीर उभी राहिली. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही.

“जरा दम खा,” सगुण म्हणाला. “नयी असा, सवय होवची लागतली.”

साईशने पुन्हा जोर केला. खांदा हलला, मनगट पडून राहिलं.

“उद्या मेस्ताक सांगतंय, आणखी थोडी घासूक...”

“बाबा,” साईश म्हणाला. “फळी बरी असा.”

 देवाने खोटं सांगितलं नव्हतं. विचारलं तेवढ्याचं उत्तर त्याने दिलं होतं, आणि सगुणला त्याचाच संताप आला. देवाचा आला, मेस्ताचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तो खाटेच्या कडेवर बसला.

“सिद्धी, डॉक्टर काय म्हणालो गो?”

सिद्धीने आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने सांग म्हणून मान हलवली.

“दुसरो हातय जातलो, बाबा. मगे बोलणा. मगे गिळणा,” ती म्हणाली. आवाज सपाट होता, पण पदराचं टोक तिने मुठीत पिळून धरलं होतं. “औषध नाय म्हणालो. इतके म्हयने मी कोणी इचारतला म्हणान वाट बघी होतंय.”

एवढे महिने ही पोर एकटी हे पोटात घेऊन भाकऱ्या थापत होती, आणि आपण अंगणात पॅड वाळत घालत होतो! सगुणला तिच्याकडे बघवेना. सिद्धी चूल बघायच्या निमित्ताने आत गेली, आणि आतून बराच वेळ भांड्याचासुद्धा आवाज आला नाही.

“बाबा, आज ह्या ड्रॉइंग धाडूचा असा,” साईश जरा वेळाने म्हणाला. “तुमी धरा माऊस. मी सांगतंय थंय न्हेवा.”

सगुणने खुर्ची ओढली. मुलाचा हात उचलून त्याच्याच मांडीवर ठेवला. तो पिसासारखा हलका लागला. मग माऊस आपल्या राठ बोटांत धरला. फळीवर तो अलगद सरकला.

“डावीकडे,” साईश म्हणाला. जीभ जराशी अडखळत होती. ती कधीपासून अडखळतेय, हे सगुणच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. “आणखी. आणखी थोडा. बस, थांबा.”

बाण रेषेच्या नेमक्या टोकावर आला होता. सगुणने तो मुद्दामच थोडा पुढे जाऊ दिला, साईशने पुन्हा एकदा थांबा म्हणावं म्हणून.