उभा ठेवलेला तीळ

"दादा, खालची बोंडं पिवळी पडली," धाकटी म्हणाली. "उद्या तीळ कापायचा."

मी म्हणालो, "थांब."

आयुष्यात मी फार कमी वेळा कुणाला थांब म्हटलं असेल. ग्रंथालयात नोकरी केली, तिथंही लोकांना गप्प बसा म्हणायला मला जमत नसे. पण तेलबियांच्या अनुदानाची पुस्तिका मी तिथूनच आणून दोनदा वाचली होती. तपासनिसानं उभं पीक पाहून सही केली तरच अनुदान, असं तीत स्वच्छ लिहिलं होतं. तो मंगळवारी येणार होता. आज शनिवार.

मेहुणे गेल्यापासून धाकटी तीन एकर एकटीच करत होती. यंदा अनुदान मिळालं तर पुढची पेरणी करायची, नाही तर रान शेजारच्या तेलगिरणीवाल्याला कसायला देऊन शहरात मुलीकडे जायचं, असं तिनं ठरवलं होतं. मुलीनं गॅलरीत तिच्यासाठी खाटही टाकून ठेवली होती.

"बोंड वाळलं की तोंड उघडतं, दादा. जरा वारा आला की सगळं खाली."

"तीन दिवसांत काय होतंय?"

"तुझ्या पुस्तकातला तीळ नाही फुटत. माझा फुटतो."

पण थांबली. मी शिकलेला भाऊ ना.

मंगळवारी तपासनीस आला नाही. फोनवर म्हणाला, "निघालोच आहे, काका." बुधवारीही तो निघालेलाच होता. गिरणीवाल्यानं आपला तीळ केव्हाच कापून पेंढ्या बांधल्या होत्या. तो बांधावरून ओरडला, "काय मास्तर, म्हातारा करून विकणार का तीळ?" धाकटी हसली. मला हसू आलं नाही.

गुरुवारी वारा सुटला आणि दिवसभर थांबला नाही. संध्याकाळी धाकटीनं वाकून मातीला तळहात लावला. हात उचलला तर तो पांढऱ्या दाण्यांनी भरलेला. मुंग्यांची रांग आधीच लागली होती.

"आता तरी कापू या," मी म्हणालो.

"आता? कोयता लागला की उरलंसुरलंही सांडेल. राहू दे. त्या तपासनिसाला उभं तरी बघू दे."

शनिवारी तपासनीस आला. तरुण होता, दमलेला होता. सतरा गावं त्या एकट्याकडे. त्यानं एक ताट उपटून तळहातावर उलटं झटकलं. मग दुसरं. मग शेताच्या मध्यावर जाऊन तिसरं.

"ताई, यात काही नाही."

"होतं," धाकटी म्हणाली. "तुमच्यासाठी थांबवलं होतं."

"थांबवलं कशाला? कापलेल्या पेंढ्या बघूनही सही करतो आम्ही. मागच्या वर्षीच नियम बदलला. शेजाऱ्यांची आत्ताच करून आलो."

मी पुस्तिका पुढे केली. त्यानं पहिलं पान उघडून छापलेल्या वर्षावर बोट ठेवलं. चूक काढल्यासारखं नाही; मला नीट दिसत नसेल असं समजून. जुनी आवृत्ती. लोकांना मी जन्मभर आवृत्ती पाहूनच पुस्तकं दिली होती.

"पीक होतं, एवढं तरी लिहा की हो."

"उत्पन्नाचा अंदाज लिहावा लागतो, काका. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

त्यानं शून्य लिहिलं, धाकटीची सही घेतली, तांब्याभर पाणी प्यायला आणि गेला.

आता ती मला बोलेल म्हणून मी वाट पाहत बसलो. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं चहा केला, माझ्यात नेहमीसारखी साखर कमी घातली. कप विसळून झाल्यावर कोरा कागद आणला.

"गिरणीवाल्याला रान लिहून द्यायचंय. तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही."

"कुणा जाणत्याला विचारू या का? माझं काही चुकलं तर..."

"आता चुकायला राहिलंय काय, दादा?"

ती रागानं म्हणाली नाही. मी लिहायला घेतलं. तिचं नाव, रानाच्या चारी बाजू, वाट कुणाची, विहिरीचं पाणी कुणी किती घ्यायचं.

"किती वर्षांसाठी लिहू?"

"ती जागा मोकळी सोड," ती म्हणाली. "त्याला हवा तो आकडा त्याचा तो घालेल."

मी बोटभर जागा सोडली आणि पुढची ओळ लिहू लागलो.