मालनच्या हातचा तवा

मी एक जुना लोखंडी तवा आहे. कल्याणच्या एका लोहाराने मला ठोकून घडवले आणि कोपर स्टेशनजवळच्या विमलाबाईंच्या पोळीभाजी केंद्रात मी काळा झालो. माझी एक बाजू जरा जास्त तापते, हे फक्त तिथे पोळ्या करणाऱ्या मालनला ठाऊक. तिच्या हातच्या पोळ्या माझ्यावर टम्म फुगायच्या. गिऱ्हाइके तव्याचे कौतुक करायची आणि मी ते निमूटपणे घ्यायचो.

मित्रांनो, मग मालन आजारी पडली. ताप नव्हता, खोकला नव्हता. मन आजारी होते. रात्री झोप येईना, कणीक मळता मळता रडू येई. डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून सांगितले, गोळ्या दिल्या. अख्खा पावसाळा ती घरी राहिली आणि मी सिलिंडरमागे पडून गंजलो. माझ्या जागी एक चकचकीत तवा आला. मला तो अजिबात आवडला नाही.

दिवाळीच्या आधी मालन परतली. पण विमलाबाईंनी तिला कोथिंबीर निवडायला बसवले. शेगडीकडे फिरकू देईनात. त्यात माया होती, तरी मालन दिवसेंदिवस गप्प होत गेली. अशाने ही काम सोडून जाईल, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला.

एका सकाळी तिने जुडी खाली ठेवली.

"काकू, मला पोळ्या करू द्या."

"अगं, पण त्रास झाला तर?"

"झाला तर सांगेन ना. गोळ्या घेतेय मी. तुम्ही रोज विचारा, पण माझं काम काढून घेऊ नका."

विमलाबाई वरमल्या. मालनने मला बाहेर ओढले, खसखसून घासले, तेल चोळून तापवले. आणि पहिलीच पोळी माझ्यावर अशी चिकटली की तिचे तुकडे झाले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. विमलाबाई लगबगीने पुढे आल्या.

"राहू द्या, काकू," मालन हसली. "पावसाळाभर पडून होता बिचारा. पहिलीच कशी फुगेल?"

तुकडे कावळ्यांना गेले. दुसरी कडक झाली. ती विमलाबाईंनी चहात बुडवून खाल्ली. तिसरी टम्म फुगली. तेव्हा मी नव्या तव्याकडे मुद्दाम पाहिले.

मित्रांनो, आजारातून उठून कुणी कामावर आले तर त्याला जरूर जपा, पण कोपऱ्यात ठेवून जपू नका. त्याची जागा त्याला द्या. पहिली पोळी चिकटेल. तेवढ्यावरून शेगडी बंद करू नका.