उसनं नाक

"बोल ना," ओबाता म्हणाला. "बोल काहीतरी."

इसोगाईने हात वर करून त्याला गप्प केलं. काउंटरवर वाकून, डोळे मिटून, तो त्या पारदर्शक तावावरून नाक फिरवत होता. आधी कडेने, मग मधून, मग ताव उलटा करून रंगाच्या बाजूने. समोर ओबाता दोन्ही हातांत टोपी धरून उभा. तोक्योतल्या नाकानोच्या बाजार-इमारतीतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानात तो गेली तीस वर्षं असाच उभा राहत आला होता, आणि दर वेळी त्याचा जीव टांगणीला लागायचा.

"स्वच्छ आहे," इसोगाई म्हणाला. "ने घरी."

ओबाताचा जीव भांड्यात पडला. तो इतका खाली वाकला, की हातातली टोपी जमिनीला टेकली.

इसोगाई खोटं बोलला होता. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. वाचकाला अंधारात ठेवून पुढे दचकवावं इतकं हे प्रकरण गमतीचं नाही. ताव आंबला होता. नाकाशी न्यायचीही गरज नव्हती, पाकीट उघडल्याबरोबर व्हिनेगरचा भपकारा आला होता.

जुने कार्टूनपट हाताने काढत, तेव्हा प्रत्येक हालचालीसाठी असा एकेक प्लास्टिकचा ताव रंगवायचे. चित्रपट पुरा झाला की ते ताव कचऱ्यात जायचे. जे वाचले, ते आता लोक दागिन्यांसारखे जपतात, विकतात, त्यांच्यासाठी भांडतात. पण या प्लास्टिकचं वय झालं की ते कधीकधी आंबतं. आणि ही आंबण लागट असते. बंद पेटीत एक आंबलेला ताव ठेवा, त्याच्या वाफेने शेजारचे सगळे आंबतात. ते वाकडे होतात, रंगाचे पोपडे सुटतात, त्यावर औषध नाही. म्हणून जाणता माणूस नवा ताव घेताना आधी नाकाने बघतो, मग डोळ्यांनी.

ओबाताला ते नाकच नव्हतं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, चांगलं ठसठशीत होतं, पण आतून कामातून गेलेलं. विशी-पंचविशीत तो सायकलच्या हँडलांना क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात लागला. टाकीतल्या वाफेने नाकातला पडदा खाल्ला आणि वास गेला, तो कायमचा. कारखान्यात निम्म्या लोकांचं हेच झालं होतं, त्यामुळे कोणी त्याचं कौतुक केलं नाही. घरात दूध, मासे, शर्टाच्या कॉलरी हे सगळं बायको हुंगायची. तावांसाठी इसोगाई होता. ओबाताने ताव कुठूनही घेतलेला असो, इसोगाईच्या नाकाखालून गेल्याशिवाय तो घरच्या पेटीत जात नसे. दोन वर्षांपूर्वी बायको, किनुए, गेली. तेव्हापासून कॉलरीही इसोगाईकडेच आल्या.

"बघ रे जरा," दुकानात शिरताशिरता ओबाता मान पुढे करायचा.

"आंघोळ कर, म्हातारड्या," नाहीतर "ठीक आहे, बस," असं इसोगाई सांगायचा. एकट्या राहणाऱ्या माणसाला असं तोंडावर सांगणारं कोणी असणं ही केवढी मोठी सोय असते, ते एकट्यालाच कळतं.

आता तो ताव. एका जुन्या चित्रपटात होडीच्या धक्क्यावर उभी असलेली एक मुलगी मान वळवून मागे बघते. पडद्यावर पापणी लवते न लवते तोच ते संपतं. त्या एका वळण्याचे सगळे ताव ओबाता तरुणपणापासून एकेक करून गोळा करत होता. सगळे मिळाले होते, एक सोडून. मधला. ज्यात तिचे डोळे मिटलेले आहेत तो. डोळे मिटलेला ताव बाजारात कोणी घेत नाही. गिऱ्हाइकाला स्वतःकडे बघणारा चेहरा हवा असतो. किनुए म्हणायची, "तुमची ती डोळे मिटलेली बाई सापडली की मी लाल भात करीन." आनंदाच्या प्रसंगी करतात तो लाल भात न करताच ती गेली.

इसोगाईला तो ताव ओसाकाच्या कोणा गठ्ठ्यात मिळाला, आंबलेला. परत घ्यायला विकणारा तयार नव्हता. तसला ताव साऱ्या तोक्योत एकाच माणसाच्या गळ्यात मारता येण्यासारखा होता, आणि तो माणूस टोपी हातात घेऊन समोर उभा होता. इसोगाईने फार विचार केला असेल असं वाटत नाही. माणसं बहुतेक वेळा विचार न करताच असलं करतात.

त्या संध्याकाळी ताचिकावाच्या आपल्या दोन खोल्यांत ओबाताने दुकानातून आणलेला लाल भात किनुएच्या फोटोपुढे ठेवला. हात धुऊन पेटी काढली. पेटी खास बनवून घेतलेली, झाकण इतकं घट्ट, की बाहेरची धूळ आत शिरू नये. त्याने तो ताव दोन तावांच्या मधोमध, त्याच्या जागी ठेवला.

"झाली पुरी," तो फोटोला म्हणाला, आणि त्याला रडू आलं. उजेड तावांना वाईट, म्हणून तो पेटी वर्षातून एकदाच उघडायचा, किनुएच्या तिथीला, ऑगस्टात. त्याने झाकण लावलं आणि पेटी भिंतीतल्या कपाटात, शर्टांच्या खाली ठेवली.

दर महिन्याला एका रविवारी इसोगाईच्या दुकानात संग्राहकांची बैठक भरायची. पुढच्याच बैठकीला ओबाताने सगळ्यांना सुशी खिलवली. पेटी पुरी झाली याची मेजवानी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थंडी सरता सरता त्याला एक टोपणनाव पडलं, 'सुशी'. ते ठेवलं कारिया नावाच्या दातांच्या डॉक्टरने.

"या, सुशीसाहेब, या! तिकडे खिडकीपाशी बसा, तुमच्यासाठी राखून ठेवलीय जागा."

सुशीच्या भाताला व्हिनेगर लावतात हे ओबाताला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याला वाटलं, मेजवानीवरून म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला टोपणनाव मिळालं होतं. तो खूश होऊन खिडकीपाशी बसायचा.

"आज कसा आहे रे?" तो इसोगाईपुढे मान करायचा.

"फुलासारखा," इसोगाई म्हणायचा, आणि बाकीचे माना खाली घालून आपापल्या पिशव्या चाळू लागायचे. कोणाचे तरी खांदे हलायचे. उन्हाळा लागल्यावर त्यांनी आपले ताव दुकानात आणणंच बंद केलं. "हवा दमट आहे हो," कारिया म्हणाला. ओबाताला ते पटलं.

ऑगस्टात तिथीसाठी त्याची धाकटी बहीण सावाको आली. दारातच चपला काढता काढता थांबली.

"दादा, काय सांडलंय घरात?"

"काही नाही. का?"

"व्हिनेगरची बाटली फुटलीय कुठे? डोळे चुरचुरताहेत माझे." ती वास काढत आत गेली, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी थांबली, परत फिरली आणि कपाटासमोर उभी राहिली. "इथून येतोय."

 ओबाताने पेटी ओढून काढली, झाकण उचकटलं. सावाको तोंडावर रुमाल धरून मागे सरली.

ताव वाळल्या पानांसारखे वळले होते. एकमेकांना चिकटले होते. वरचा उचलायला गेला, तर मुलीचा गाल खालच्या तावावरच राहिला. काहींवर नुसते केस उरले होते, काहींवर बाहीचा निळा तुकडा. सगळ्यांत पिवळा पडलेला, सगळ्यांत वाकडा झालेला ताव मधोमध होता. त्यावरचे मिटलेले डोळे तेवढे शाबूत होते.

सावाकोने खिडकी उघडली.

"तुझ्या शर्टालाही हाच वास आहे," ती म्हणाली. "नवीन वर्षाला आला होतास ना घरी, तेव्हाही होता."

"तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला वाटलं..." ती घुटमळली. "मला वाटलं, म्हातारपणाचा असेल. कसं बोलायचं तोंडावर?"

दुसऱ्या दिवशी ओबाता तो मधला ताव पाकिटात घालून नाकानोला गेला. दुकानात कारिया बसला होता, चहा चालला होता. ओबाताने पाकीट काउंटरवर ठेवलं.

"वास घे," तो म्हणाला.

इसोगाईचा कप तसाच राहिला. "काय झालं रे?"

"घे ना. तुझंच काम आहे ते."

पाकिटाचं तोंड उघडलं मात्र, कारिया खुर्ची सरकवून उठला आणि त्याने स्वतःची पिशवी उचलून पार दारापाशी नेली. "अहो ओबातासाहेब, तो इथे उघडू नका! माझ्याकडे चांगले आहेत!"

ओबाता त्याच्याकडे वळला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"वास तर सगळ्यांनाच येत होता," कारिया म्हणाला. मग जरा ओशाळून, "आम्हाला वाटलं, तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल."

'सुशी' कुठून आलं ते ओबाताला तेव्हा कळलं. मेजवानी कोणाच्या लक्षातही नव्हती.

"पेटीतले गेले?" इसोगाईने हळूच विचारलं.

"सगळे."

इसोगाईने डोळे चोळले. त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण वाईट वाटलं की काही माणसं चिडतात, त्यांपैकी तो होता. "आता माझ्यावर ओरडून काय होणार? तीस वर्षं शोधत होतास ना? आंबलाय म्हटलं असतं, तर घेतला नसतास का तू? घेतलाच असतास! नाक घासत घेतला असतास!"

"घेतला असता," ओबाता म्हणाला.

"मग?"

"वेगळा ठेवला असता."

 बाहेर बोळात पोरं कुठल्या तरी खेळण्याच्या यंत्राभोवती ओरडत होती. ओबाताने पाकीट नीट मिटलं, कडा जुळवल्या, खिशात घातलं. दारापर्यंत गेला. कारियाने अंग चोरून वाट दिली. तिथून ओबाता परत आला, आणि तीस वर्षांच्या सवयीने, की आणखी कशाने, त्याने काउंटरवर मान पुढे केली.

शर्ट नवा होता. सावाकोने सकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेला. निघण्यापूर्वी त्याने सार्वजनिक स्नानगृहात जाऊन अंग दोनदा घासलं होतं, मानेची कातडी लाल झाली होती.

"अजून येतो का?" त्याने विचारलं.

इसोगाईने त्याच्या कॉलरीकडे पाहिलं. वाकला नाही, जवळही आला नाही.

"नाही," तो म्हणाला. "नाही येत."

परतीची, भर दुपारची गाडी होती. डबा जवळजवळ रिकामा; एका कोपऱ्यात शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली, मध्ये पेपर वाचणारा एक गृहस्थ, बाकी सगळ्या जागा मोकळ्या. ओबाता बसला नाही. डब्याच्या टोकाला, दाराला पाठ लावून, नव्या शर्टाची कॉलर मुठीत गच्च आवळून तो ताचिकावापर्यंत उभा राहिला. आणि गाडी थांबून कोणी आत आलं, की आणखी थोडा कोपऱ्यात सरकायचा.