ढिगाऱ्यातला नमुना

डांबराच्या प्लांटच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि लॅबवालीने नाकाला रुमाल लावला. कोंबडीची पिसं जळत असल्यासारखा वास होता.

रस्ते खात्याच्या प्रयोगशाळेत चार वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे होती. भाताचं तूस भट्टीत पार पांढरं होईपर्यंत जाळायचं, राख पिठासारखी दळायची आणि डांबरात दगडाच्या भुकटीऐवजी ती घालायची. भातगिरणीसमोर तिने केलेला चाचणीचा तुकडा अवजड ट्रक अंगावर घेऊनही दोन वर्षं जसाच्या तसा होता. म्हणून तर खात्याने बारा किलोमीटरचा रस्ता या राखेने करायचं ठरवलं. काम मिळालं तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला.

"या मेहुणीबाई!" भाऊजी खुर्चीतून हलले नाहीत.

"राख कुठंय?"

त्यांनी हनुवटीनेच शेडमागे दाखवलं. तिथला ढीग राखेचा नव्हताच. पोल्ट्रीत कोंबड्यांखाली अंथरलेलं, विष्ठेने लडबडलेलं तूस वरवर करपवून आणलं होतं. आतून ओलं, गोळे झालेलं. मध्येच एक मेलेलं पिल्लू, त्यावर अळ्या वळवळत होत्या. फावडं मारणाऱ्या बाईने नाकातोंडाला फडकं गुंडाळलं होतं.

"भाऊजी, ही घाण आहे."

"जळलं की सगळी राखच. रस्त्यात गेल्यावर कोण हुंगायला येतंय?" दातात काडी घालून कोरत त्यांनी एक गोणी पायाने पुढे सरकवली. आत स्वच्छ पांढरी राख होती. "चाचणीला ही घे. आपण घरचीच माणसं."

काडीच्या टोकाला आलेलं त्यांनी निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात घातलं. तिला ढिगापेक्षा त्यांचीच जास्त किळस आली. तिने हातमोजे चढवले, कोपरापर्यंत हात ढिगात खुपसला आणि नमुना भरला. फावडेवाल्या बाईची साक्षीदार म्हणून सही घेतली. मग फाटकाबाहेर जाऊन ओकली.

लॅबमध्ये तो माल घालून बनवलेले डांबराचे गोळे तिने दिवसभर गरम पाण्यात ठेवले. बाहेर काढताना ते हातातच फुटून त्यांचा चिखल झाला. पाण्यावर तेलकट साय आणि पिसांचे तुकडे.

लॅबच्या साहेबांनी तिचा अहवाल वाचून नाक मुरडलं. "विष्ठा, पिसं कशाला लिहिता? तुसाची राख रस्त्याला अयोग्य, एवढंच लिहा. ना चौकशी, ना कटकट."

म्हणजे भाऊजी सुटणार आणि चार वर्षांचं काम बदनाम होणार. ती उठली, तो चिखल ट्रेमध्ये घेऊन आली आणि साहेबांच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवला.

"याला राख म्हणायचं असेल तर तसं तुम्ही लिहा. मी नाही लिहिणार."

"उचला आधी ते!"

"या अहवालावर सही करा, उचलते."

साहेबांनी एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने सही केली.

त्या मालाने आधीच झालेला दोन किलोमीटर रस्ता उखडला गेला, भाऊजींचं काम काढून घेतलं. बहिणीचा फोन आला.

"तुला सगळं माहीत होतं ना, ताई?" तिने विचारलं.

"माहीत होतं म्हणून काय झालं? जगभर असंच चालतं. तुला एकटीलाच नाक आहे का?"

लॅबवालीने फोन ठेवला. बहिणीला आपणहून फोन करावा असं तिला त्यानंतर कधी वाटलं नाही. नवा ठेकेदार भट्टी लावायला तयार होता. ती त्याची राख तपासायला निघाली.