विनायकच्या होडीतली म्हैस
रंजिता पाच वर्षांची असताना तिला गोवर निघाला. आठ दिवस खाटेवर. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्या भावानं, कैलाशनं, 'विनायकची होडी' नावाची कादंबरी वाचून दाखवली. त्यातली म्हैस तिला जन्मभर पुरली. ही म्हैस होडीत बसायची आणि ती जोरात पादली की होडी वल्ह्यांशिवाय वैनगंगा पार करायची.

आता रंजिता तुमसर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. पहिलीच्या पोरांना दरवर्षी हीच गोष्ट. यंदा एक आई भांडायला आली, "बाई, आमचा गोलू जेवताना होडी चालवून राहिला!"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "असं कुठल्या पुस्तकात असतं? आणून दाखवा."

रंजितानं भंडारा पालथा घातला. कोणी नावही ऐकलं नव्हतं. शेवटी वरठीला, वाचनालयातून निवृत्त झालेल्या पुंडलिकरावांच्या पेटीत एक प्रत निघाली. तिनं ती तिथंच ओट्यावर बसून वाचली. विनायक कागदाची होडी करतो, स्पर्धेत दुसरा येतो आणि पहिल्या आलेल्या मुलाचं मनापासून अभिनंदन करतो. एकशे बारा पानं. म्हैस सोडा, शेळीही नाही.

"काका, याच्यात म्हैस नाही."

"म्हैस?" पुंडलिकराव म्हणाले. "पोरी, याच्यात काहीच नाही."

ती तशीच स्कूटीवर जवाहरनगरला भावाच्या क्वार्टरवर गेली. कैलाश बनियनवर पोपटीच्या शेंगा सोलत बसला होता. तिनं पुस्तक त्याच्यापुढे आपटलं.

"दादा, म्हैस कुठं आहे?"

"कोणती म्हैस वं?"

तिनं सांगितलं. तो हसून हसून लालबुंद झाला. "लय भिकार पुस्तक होतं हे! दुसऱ्याच पानावर मलेच झोप येऊन राहिली होती. तू भोकाड पसरलं. मंग आली असंन म्हैस."

"पस्तीस वर्षं मले फसवलं तू! शाळेत माझी इज्जत गेली."

कैलाश जरा वरमला. मग हळूच म्हणाला, "पुढं काय केलं म्या त्या म्हशीचं? मले काहीच आठवत नाही."

रंजिताचा राग अजून उतरला नव्हता. तरी तिनं सांगायला सुरुवात केली. वहिनीनं दोनदा जेवायला हाक मारली, तरी कोणी उठलं नाही.

सोमवारी तिनं मुख्याध्यापिकांना खरं ते सांगून टाकलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण भावाचं नाव सांगत जा. विनायकचं कशाला?"