शालिकचं दुखणं

पौषातलं कोवळं ऊन वसतिगृहाच्या पूर्वेकडच्या भिंतीवर उतरलं, की शालिक तिला पाठ टेकून बसायचा. डोळे मिटलेले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट रोवलेले. थंडी अंगात शिरली की त्याची हाडं आतून पेटत. पण त्या वेदनेला स्वर नव्हता. हिंगणघाटच्या गिरणीत उभं आयुष्य काढलेल्या बापाचा तो मुलगा. कण्हणं हा पुरुषाचा धर्म नव्हे, असंच तो शिकला होता.

मी देवळीचा, शेतकऱ्याच्या घरातला, त्याचा खोलीसोबती. पहिल्या हिवाळ्यात मीच त्याला कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातली वस्ती. आणि त्या तिसऱ्या उत्तरानंतर त्यांनी मान वर केलीच नाही. स्टेथोस्कोप टेबलावरच राहिला. "परीक्षा जवळ आली वाटतं," ते हसले, आणि शालिकच्या ओंजळीत गोळ्यांची पुडी वरून सोडली. बाहेर आल्यावर ती ओंजळ तो कितीतरी वेळ तशीच मिटून चालत होता.

तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

"काऊन जाऊ?" तो म्हणायचा. "त्याईले मायं दुखणं दिसत नाई, आडनाव दिसते."

आणि एका सकाळी, पेपरला उशीर होत असताना, माझ्याही तोंडून निघून गेलं, "पेपर आला का बरं दुखते तुयं!" त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ओळखीचा माणूस अनोळखी निघाल्याचा संथ विषाद होता.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याला ताप भरला, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. सायकलवर बसवून मी त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचं मनगट हातात धरलं आणि विचारलं, "कधीपासून दुखून राह्यलं, भाऊ?" एवढ्यावरच तो ढसाढसा रडला, आणि तीन हिवाळ्यांचं मौन एका बैठकीत बोलून मोकळा झाला. रक्त तपासलं, त्यातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या, जन्मापासूनच. सिकल सेल. "हे ढोंग नाई," बाई म्हणाल्या, "पण लवकर यायले पायजे होतं." उजव्या खुब्याचं हाड तोवर झिजलं होतं.

खाटेशी बसून मी क्षमा मागितली. "जाऊ दे ना," तो म्हणाला, "तू आनलं तरी."

पुढे तो शिक्षक झाला. लंगडत लंगडत वस्तीतल्या दुखणाईत पोरांना इस्पितळात न्यायचा, दाराशी उभा राहून सांगायचा, "जेवढं दुखते तेवढं सांग. लाजू नको." चौतिसाव्या वर्षी छातीतल्या कफाचं निमित्त झालं आणि तो गेला.

गेलेल्यांचं वय थांबतं, आपलं चालत राहतं. शालिकला आठवताना आता म्हातारपणी सोबती आठवत नाही, ज्याच्या कपाळावर वेळीच हात ठेवायचा राहून गेला असा एक लेक आठवतो.