मेन्यूत न लावलेलं पान

पूर्वी जिन्यावरच्या पावलांवरून मला माणूस ओळखू यायचा. विणकामाच्या वर्गाला येणाऱ्या मुली, शेजारीण, आणि पुढे पुढे जावई. त्याची पावलं वाजली की लेकीचा चेहरा उतरायचा. शेवटी ती नातवाला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेली. पत्ता माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही.

वर्ग बंद झाला तेव्हा भाचीने मला विणींच्या नमुन्यांची वेबसाइट करून दिली. कोण आलं, कोणतं पान उघडलं याची नोंद, म्हणजे लॉग, बघायलाही शिकवलं. त्या सकाळी बघते तर चार दिवसांपूर्वी एकाच पाहुण्याने सगळी पानं धडाधड उघडलेली. श्वास घ्यायलाही थांबला नव्हता. आणि शेवटी ते पान, जे मी मेन्यूत लावलंच नव्हतं. त्यावर नातवाचं नाव आणि एक फोटो: लेकीच्या नव्या घराबाहेर दोरीवर वाळणारा त्याचा स्वेटर आणि मागे खालच्या दुकानाची पाटी. ते फक्त लेकीसाठी होतं.

मी भाचीला बोलावलं. ती धावत आली, लॉग वाचला आणि हसली.

"मावशी, हा माणूस नाही. क्रॉलर आहे, शोधयंत्राचा हरकाम्या, सगळ्यांची पानं वाचत फिरतो. जावयाला तुझ्या एवढ्या विणी वाचायचा धीर आहे का?"

क्रॉलरचं नाव लावून भामटेही येतात म्हणे, म्हणून तो आला कुठून तेही तिने तपासलं. खराच निघाला. माझा जीव भांड्यात पडला.

पण मेन्यूत नसलेलं पान त्याला सापडलं कसं? तर वेबसाइट आपणहून सगळ्या पानांची यादी त्याच्यापुढे ठेवते. मेन्यूत असो वा नसो. हे सांगता सांगता भाचीच थबकली.

"वाचून तो करतो काय?" मी विचारलं.

"शोधणाऱ्याला दाखवतो."

तिने पान तिथल्या तिथे काढून टाकलं. मग आम्ही लॉगमधल्या पुढच्या ओळी पाहिल्या. कालचा एक पाहुणा, मोबाइलवरून. शोधयंत्रातून थेट त्याच पानावर आलेला. दुसरं काही उघडलं नव्हतं. फोटो तेवढा मोठा करून पाहिला होता, पुन्हा पुन्हा.

"हाही क्रॉलरच ना गं?"

भाचीने फोन माझ्या हातात दिला.

लेकीने लगेच उचलला. "आई, थांब हं जरा, जिन्यावर कुणीतरी येतंय."

"नीट ऐक," मी म्हटलं. "पावलं ओळखीची असली तर दार उघडू नकोस."

मग तिकडे आतून कडी लावल्याचा आवाज आला.